शेंगीचा स्थानिक पालक

मालकीला आमच्या घरमालक काकांइतका घाबरणारा माणूस साऱ्या सोलापुरात नसेल. त्यांच्या शेंगी नावाच्या कुत्रीचे मालक कोण, असे कुणी विचारले, की चोरीचा आळ आल्यासारखे दचकत. ‘मालक मी घराचा. हिचा पालक हाय!’

मी मोहोळकडचा, शेळ्या राखणाऱ्या घरातला. आमच्या कुत्र्याला नावसुद्धा नव्हते. त्यामुळे कॉलेजसाठी खोली बघायला गेलो आणि काकांनी भाडे सांगण्याआधी शेंगीला पुढे केले, तेव्हाच मी हबकलो. तिने माझी पिशवी हुंगली. आत आईने दिलेल्या भाकरी होत्या. शेपूट हलली. काका म्हणाले, ‘तिची हरकत न्हाय. आण सामान.’

पुढे धक्के बसतच राहिले. फिरायला निघाले, की साखळीची कडी काकांच्या मनगटात आणि टोक शेंगीच्या तोंडात. ती नेईल तिकडे जायचे. एकदा तिने त्यांना पार तलावापर्यंत नेले आणि दोघे रिक्षाने परतले. जनावरांच्या दवाखान्यात केसपेपरवरचा ‘मालक’ खोडून ते ‘पालक’ लिहीत. डॉक्टर वैतागले, ‘काका, हे कुणी वाचत नाही हो!’ ‘ही वाचत न्हाय म्हणून तर मला लिहावं लागतंय की!’

कॉलेजच्या अर्जावर स्थानिक पालकाची सही हवी होती. वडील शेळ्या सोडून येऊ शकत नव्हते आणि शहरात माझे कुणीच नव्हते. काकांनी न विचारता पेन काढले. ‘एकीचं करतोय, दोघांचं करीन.’ आमच्या घरात पहिली पदवी माझी. ती दाखवायला गेलो, तर त्यांनी कागद आधी शेंगीला हुंगायला दिला. माझा जीव वरखाली! कोपऱ्यावर तिच्या ओल्या नाकाचा डाग आहे, तो मी आता कुणाला पुसू देत नाही.

गेल्या महिन्यात काकांच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि लेक त्यांना पुण्याला न्यायला आली. तिच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत. ‘बाबा, शेंगीला देऊन टाका कुणाला तरी,’ ती म्हणाली. काका तसेच मला घेऊन कोर्टाजवळच्या एका वकिलाकडे गेले. म्हणाले, ‘हिचं पालकपण याच्या नावावर करा.’

वकील चष्म्यावरून बघतच राहिला. ‘काका, कायद्यात कुत्रं म्हणजे वस्तू. बक्षीसपत्र करून देतो.’

‘वस्तू?’ काका उभेच राहिले. ‘मी आजारी पडलो तवा दोन दिवस न जेवता बसली, ती वस्तू?’ आणि गुडघे विसरून ते जिना उतरले.

निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक घडी ठेवली. माझ्याच कॉलेजच्या अर्जाची झेरॉक्स. विद्यार्थ्याच्या जागी माझे नाव खोडून ‘शेंगी’ लिहिले होते. स्थानिक पालक म्हणून त्यांचे नाव खोडून माझे. खाली ‘नाते’ होते, तिथे माझ्या वेळी त्यांनी ‘घरचा’ असे लिहिले होते. ते तेवढे खोडलेले नव्हते.

आता साखळीची कडी माझ्या मनगटात असते. शेंगी कुठूनही फिरवून मला माझ्या खोलीआधी काकांच्या बंद दाराशी आणते. आम्ही पायरीवर बसतो. संध्याकाळी फोन येतो. ‘हिच्या कानाला लाव,’ काका म्हणतात. ‘शेंगे, जेवलीस का?’ ती कान टवकारून फोन चाटते. मी फोन पुसून माझ्या कानाला लावतो.

‘आन् तू?’ ते मला विचारतात. ‘तू जेवलास का?’