केमला पाठवलेलं कार्ड

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मामेभावाने तीन बारक्या पुस्तिका पाठवल्या, तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. तिथली कॉलेजची मुलं टेबलाभोवती बसून हा खेळ तासन्‌तास खेळतात, असं त्याने लिहिलं होतं. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं आणि जमलं की फसलं ते फाशावर.

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून पुस्तिका वाचायचं काम माझ्याकडे आलं आणि मग गोष्ट सांगायचंही. एरवी चारचौघांत मी तोंड उघडत नसे. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नसे. पण रविवारी दुपारी, नवी पेठेतल्या एका कापडदुकानाच्या माडीवर, ताग्यांच्या थप्प्यांमध्ये बसून मी दोन-दोन तास बोलायचे.

आम्ही तिघी होतो. दुकानदाराची मुलगी, घरात चादरीचे माग असलेली एक तेलुगू मैत्रीण आणि मी. पुस्तिकेत वीस बाजूंचा फासा सांगितला होता. तो सोलापुरात कुठून आणणार? पावडरीच्या रिकाम्या डब्यात आम्ही आकडे घातलेल्या वीस चिठ्ठ्या ठेवल्या.

दुकानदाराची मुलगी गोष्टीत हेर होती, शत्रूच्या किल्ल्यात शिरलेली. खऱ्या आयुष्यात तिला कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जायलाही सोबत लागे.

"म्हातारपणीसुद्धा खेळायचं बरं का," मागवाली म्हणायची. "दात पडले तरी तू गोष्ट सांगायचीस."

"दात पडल्यावर हिचं कळणार कुणाला? आत्ताच कुजबुजते," हेर म्हणायची.

मी हसायचे. मनात मात्र मी फार पुढे गेले होते. आणखी वीस वर्षांनी बायका हळदीकुंकवाला जमतील आणि वाण घेऊन उठून जाण्याऐवजी गोल करून खेळायला बसतील, असं मला खरंच वाटे. हे मी कुणाला सांगितलं नाही.

मागवालीचं लग्न झालं आणि ती भिवंडीला गेली. तिच्या जागी मी आमच्या गल्लीतल्या दोघींना आणलं.

"जिंकतं कोण यात?" एकीने विचारलं.

"कुणीच नाही."

"मग खेळायचं कशाला?"

दोघी पुढच्या रविवारी आल्या नाहीत. त्याच उन्हाळ्यात हेराचंही लग्न झालं, केम गावातल्या एका शेतकरी घरात. गोष्ट अर्धीच राहिली होती. ती टपालाने चालवू, असं तिनेच जाताना सांगितलं.

मी खूप विचार करून पत्र लिहिलं. नव्या सुनेला बंद पाकीट आलं की घरात प्रश्न निघतात, म्हणून साधं पोस्टकार्ड घेतलं. इंग्रजीत लिहिलं तर आणखी संशय, म्हणून स्वच्छ मराठीत, ठळक अक्षरात लिहिलं: "पहारेकरी अजून शुद्धीवर आलेला नाही. विषाची बाटली तुझ्याजवळच आहे. म्हातारीला संशय आला आहे. पुढे काय करतेस ते लवकर कळव."

उत्तर आलं नाही. पंचमीला ती माहेरी आली तेव्हा मी माडीवर गेले.

"मामंजी आलेलं प्रत्येक कार्ड ओसरीवर मोठ्याने वाचतात," ती म्हणाली. "हेही वाचलं. आत्याबाई म्हणाल्या, 'म्हातारी म्हंजी कोन? या घरात म्हातारी मीच की! काढ गं बाटली, कुटं हाय ती?' माझी ट्रंक उपसली. खोकल्याचं औषध निघालं. मामंजींनी हुंगून पाहिलं."

मला हसू आलं. तीही हसत होती.

"मग?"

"मग काय, आठवडाभर मला चुलीपाशी जाऊ दिलं नाही. वडिलांना बोलावून घेतलं." तिचं हसू थांबलं. "आता लिहू नकोस."

"पाकिटातून?"

"पाकिटातून तर नकोच."

मी कितीतरी दिवस त्या कार्डाला दोष देत होते. पण कार्ड नीट लिहिलं असतं तरी किती चाललं असतं? या खेळाला पुस्तिका नसल्या तरी चालतं. त्याच माणसांना वर्षानुवर्षं एका जागी बसता आलं पाहिजे, एवढंच लागतं. आमच्याकडे मुलीला तेवढी सवड शाळा सुटल्यापासून लग्न ठरेपर्यंत मिळते. नव्या मुली शिकल्या असत्या, तरी त्याही अर्ध्या गोष्टीतून उठून गेल्या असत्या. मामेभावाच्या देशात हा खेळ टिकेल. इथे त्याला म्हातारपण येणार नव्हतं.

"शेवट काय होता, सांग ना," ती म्हणाली.

"शेवट ठरलेला नसतो. तू काय करशील त्यावर असतो."

"तरी सांग. भाकरी थापताना डोक्यात तेच चालू राहतं. भाकरी करपते, मग बोलणी बसतात. संपव एकदा."

मी सांगितलं. पहारेकरी वाचला. म्हातारीने कुणाला काही सांगितलं नाही. हेर पहाटे किल्ल्यातून बाहेर पडली आणि आपल्या गावी सुखरूप पोचली.

"बरं झालं," ती म्हणाली.

मेंदी भिजली म्हणून खालून तिच्या काकूने हाक मारली. ती लगेच उठली. तीन वर्षं चाललेली गोष्ट एकटीने संपवायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती.