दारावरच्या लोंब्या

कर्जतला लाकडाच्या वखारीत कारकून होतो, तेव्हा मी तिथल्याच पत्र्याचं छप्पर असलेल्या लाकडी केबिनीत राहत असे. ती आतून सजवायला जवळच्या आदिवासी पाड्यावरची एक ठाकरीण यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ऋतू बदलला की ती न बोलावता हजर. दसऱ्याला दारावर भाताच्या लोंब्यांचं तोरण, थंडीत जमिनीवर पेंढा, उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचे पडदे. बांधून झालं की मागं सरून, एक डोळा मिटून बघायची.

एका वर्षी चिमण्या तोरण खातात हे माझ्या लक्षात आलं. अशी शोभा वाया जाते म्हणून मी जुन्या मच्छरदाणीची पिशवी शिवून तोरणावर चढवली आणि स्वतःवरच खूश झालो.

होळी झाली, पत्रा तापला, माझा घाम लिहिलेल्या कागदांवर टपकू लागला, तरी वाळा येईना. ती मात्र रोज मोळी घेऊन दारावरून जायची, वर एकदा बघायची आणि पुढं चालायची. शेवटी मीच हाक मारली, "अगं, उन्हाळा लागला की."

"तुमच्याकडं कुटं लागलाय, दादा?" तिनं पिशवीकडे बोट दाखवलं. "चिमण्यांचं जेवान व्हायचंय अजून. ते उरकल्याबिगर आमी दारावरचं उतरवत नाय, आन् ते उतरल्याबिगर वाळा बांधत नाय. आन् तुमी तर ताटावर झाकण घातलंय."

मी पिशवी फाडली. मग दोन दिवस कोपऱ्यात घाम पुसत, चिमण्यांना मनातल्या मनात आग्रह करत बसलो.

तिसऱ्या दिवशी ती वाळा घेऊन आली. रिकाम्या काड्या उतरवल्या, खिडकीला वाळा बांधला, मागं सरली आणि एक डोळा मिटून या खेपेला माझ्याकडे बघितलं.