नाव न घेता दाबलेलं बटण

माझी नात रुद्राणी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळते. रोज घाटनांदूरहून एसटीनं जाते, डब्यात दोन भाकरी नेते आणि एक परत आणते. नोकरी अजून कच्ची. तिनं लिहिलेला एक प्रोग्राम सोमवारी सर बघणार होते. चालला तर नोकरी पुढं, न्हाई तर घरी.

प्रोग्रामचं काम साधं. शिकून गेलेल्या पोराचं नाव विचारायचं, लिहिलं की त्याचं काम ठेवलेला कॉम्प्युटरातला कप्पा पुसायचा. पण त्या कामासाठी त्याला कॉम्प्युटरच्या सगळ्या किल्ल्या दिलेल्या. मधी अडवणारं कुणी न्हाई.

रविवारी तिनं लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. त्यात नमुन्याचे कप्पे केलते, घरच्यांच्याच नावाचे.

"आजी, तुला जमलं तर कुणालाबी जमंल. आबांचं नाव लिही आन् हे बटण दाब."

आबा म्हणजे आमचे हे. शेजारीच शेंगा फोडत बसलेले.

"दुसऱ्या कुणाचं सांग की गं."

"लिही की! मी काय पळून चाललो का?" हे म्हणाले.

उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी तोंडानं घेतलं न्हाई ते बोटानं कशाला घेऊ? मी काहीच लिहिलं न्हाई, नुसतं बटण दाबलं.

पोरीचा चेहरा उतरला. आबांचाच न्हाई, सगळ्यांचेच कप्पे गेलते. नाव रिकामं आलं म्हणून प्रोग्रामनं अख्खं कपाटच साफ केलं.

"म्या मोडलं का गं?"

"तू न्हाई, म्या. त्याला सगळ्या किल्ल्या दिल्या, पण आलेलं नाव तपासायला शिकवलंच न्हाई. कॉलेजात झालं असतं तर सगळ्या पोरांचं काम गेलं असतं, आजी."

चहा गार होईस्तोवर ती मशिनीला भिडली. आता प्रोग्राम आधी नाव घेतो, असं कुणी हाय का बघतो, परत एकदा विचारतो, मगच किल्लीला हात लावतो. मी म्हशीचं नाव लिहून बघितलं. "असं कोणी नाही" म्हणाला. म्हशीला सांगितलं न्हाई.

सोमवारी सरांनी मुद्दाम काही न लिहिता बटण दाबलं. पडद्यावर आलं, "नाव आलं नाही. काहीच पुसलं नाही."

"हे कसं सुचलं?" सर म्हणाले.

"घरी आजी हाय, सर."

संध्याकाळी ती पेढे घेऊनच एसटीतून उतरली. नोकरी पुढं चालू.

"माझं नाव न घेण्याचा एवढ्या वर्षांत पहिल्यांदा फायदा झाला," हे म्हणाले.

मी पेढा पुढं केला. "अहो, घ्या."