हातोडीची जागा

निवृत्तीनंतर मी घराच्या गॅरेजात छोटासा कारखाना थाटायचं ठरवलं. भिंतीवर अवजारं टांगायला वारासिवनीहून एक सुतार आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. मी खडूनं आखून ठेवलेल्या सरळ रेघा त्यानं तळहातानं पुसून टाकल्या.

"बाबूजी, डोये मिटा. आता हातोडी घ्याले हात न्या."

हात जिथे गेला, तिथे त्यानं खिळा ठोकला. मग करवतीचा, पकडीचा. सगळे खिळे खालीवर.

"असे वाकडेतिकडे काहून?" मी चिडून विचारलं.

"हाताले जागा ठाऊक झाली, का डोयाचं काम पडत नाही."

नजर अधू होत चालल्याचं मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. त्यानं मला फक्त एकदा, समोरच पडलेला टेप चाचपडताना पाहिलं होतं.