जपूनभाऊंनी बसवलेलं फुकटचं सॉफ्टवेअर

ये गं नंदे, जवळ ये, तुझा कान धरायचा आहे. जळगाव जामोदला बियाण्याचं दुकान टाकलंस, हिशेबाला फुकटचं सॉफ्टवेअर बसवलंस, आणि मावशीला ते फोनवर उडत उडत सांगतेस? फुकटाला मी नावं ठेवत नाही. माझ्या शेगावच्या लॉजवर खोल्यांच्या नोंदींनाही फुकटचंच आहे. पण ते बसवणारे जपूनभाऊ तू पाहिले नाहीस, म्हणून तुला भीती ठाऊक नाही.

कॉम्प्युटर दुरुस्तीचाच धंदा, पण बटण दाबण्याआधी भाऊ तळहात पॅन्टला पुसायचे आणि स्वतःलाच बजावायचे, "जपून." खरं नाव गाव विसरूनच गेलं होतं. विकतचं घेऊ म्हटलं की घाबरायचे. "काकू, कंपनीनं उद्या कुलूप लावलं, तर तुमच्याच खोल्या तुमाले दिसनार नाहीत." बरं, फुकटचं घेऊ? मग त्याहून घाबरायचे. "ते साऱ्या जगाचं असते, कोणीबी उघडून पाहावं, सुधरावं. पण बिघडलं तर कोणाले हाक मारसान?"

"तुमाले!"

"अन् मी मेलो तर?"

"आधी चहा प्या, मंग मरा."

हसले नाहीत. फुकटचंच बसवलं, पण एक छळ मागे लावला. दुपारी गर्दी नसली की मुद्दाम सगळं पुसून टाकायचे आणि नक्कल ठेवलेला पेनड्राइव्ह माझ्या हातात द्यायचे. "आना परत." "भाऊ, काऊन जीव घेता माह्या?" "माह्याकडं नका पाहू, पडद्याकडं पाहा." दुसरी नक्कल त्यांच्या खिशात असायची, हे मला फार उशिरा कळलं.

मग ती सकाळ. उत्सवाची गर्दी, दारात बॅगा घेऊन म्हातारी माणसं, कडेवरची लेकरं. लाइट गेली, आली, आणि पडदा कोरा. कोणाला कोणती खोली कबूल केली, सगळं आत. भाऊंना फोन लावला, तर वहिनी उचलतात. "काकू, त्यायले अकोल्याले दवाखान्यात आणलं. बोलता येऊन नाही राह्यलं."

कशाला जास्त घाबरावं तेच कळेना. बाहेर लोक ओरडत होते. मी पेनड्राइव्ह लावला आणि लोकांकडं नाही, पडद्याकडं पाहिलं. नंदे, खोल्या एकेक करून परत आल्या. सगळे आत गेले, तशी मी अकोल्याची गाडी धरली. त्यांना एवढंच सांगायचं होतं, भाऊ, जमलं. ऐकायला ते उरले नव्हते.

आता लॉजवर हे परत आणता येणारी मी एकटी. मॅनेजर म्हणतो, "मावशी, तुमी आहा ना, मले काऊन शिकाचं!" आणि परवा पडद्यासमोर बसले, तर पुढं काय दाबायचं तेच आठवेना. थोड्या वेळानं आठवलं.

म्हणून सांगते बाई, एक दिवस दुकान बंद ठेव. तुझा कॉम्प्युटर घेऊन ये. तुझं पुसू, तूच परत आण, आणि मग माझंही शिकून घे. पेरणीची गिऱ्हाइकं यायला लागण्याआधी ये. मला येतंय तोवर ये.