विजयकाकांचे फिनलंडमधले उन्हाळे

विजय रामटेके यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अमेरिकेत, बेलव्ह्यूजवळच्या बर्फाच्या रिंकवर. माझी मुलगी ईशा तेव्हा आइस हॉकी शिकू लागली होती आणि नागपूरहून आलेली मी काचेबाहेर शाल गुंडाळून कुडकुडत होते. तिचे कोच जवळ आले आणि चक्क मराठीत म्हणाले, "ताई, आत कॉफी मिळते. इथे गारठून जाल." तेव्हापासून ते आमचे काका झाले.

काका इथेच वाढले. आईवडील मात्र नागपूरचे. इथल्या मोठ्या संघांत जागा मिळाली नाही, तेव्हा ते युरोपात व्यावसायिक हॉकी खेळायला गेले. आधी जर्मनी, मग स्वीडन, शेवटी फिनलंडमधलं एक छोटं गाव. ते फॉरवर्ड होते, गोल करणाऱ्या पुढच्या फळीतले. त्या गावाने त्यांच्यावर फार माया केली.

पुढचं मला कळलं ते ईशा सरावात जोरात आपटली त्या संध्याकाळी. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "पाय हलव बेटा. हलतात ना?" "आय अ‍ॅम फाइन, कोच!" ती हसत उठली, तरी काकांनी सराव थांबवला. नंतर पार्किंगमध्ये ते माझ्याशी बोलले. फिनलंडमधल्या एका सामन्यात समोरच्या संघातला मिको आणि ते, दोघंही पकमागे, म्हणजे चेंडूऐवजी असणाऱ्या चपट्या रबरी चकतीमागे, धावताना रिंकच्या कठड्यापाशी एकमेकांवर आदळले. पंचांनी फाउल दिला नाही. पण मिकोची मान मोडली होती. तो पुन्हा कधी चालला नाही.

"काका, तुमची चूक नव्हती ना?"

"नव्हती. मिकोही तेच सांगतो. पण उठून उभा मी राहिलो ना."

काकांनी खेळ सोडला, गाव सोडलं नाही. काही वर्षं मिकोची व्हीलचेअर त्यांनीच ढकलली. आईच्या आजारपणात ते इकडे परतले, तरी दर उन्हाळ्यात मिकोकडे जात राहिले. संसार मांडायचा राहूनच गेला.

मुलांना ते गोल मारण्याआधी पडायला शिकवतात. एका मुलाचे बाबा वैतागले होते, "कोच, यार, टीम प्रत्येक मॅच हरतेय!" काका शांतपणे म्हणाले, "हरू देत. घरी चालत जातील."

माझे वडील गेले तेव्हा व्हिसाच्या अडचणीमुळे मला नागपूरला जाता आलं नाही. मी फोनवर अंत्यविधी पाहत होते, तेव्हा काका शेजारी जमिनीवर बसून होते. मला वंदना म्हणता येईना, तेव्हा आपल्या आईकडून शिकलेली बुद्धवंदना त्यांनी म्हटली.

या हिवाळ्यात मिको गेला. काका बरेच दिवस रिंकवर आले नाहीत. काकांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचं विचारायला आम्ही घरी गेलो, तर म्हणाले, "साठी कसली साजरी करताय? आता मी तिकडे कुणाकडे जाऊ?"

गेल्या आठवड्यात आम्ही काकांकडे असताना मिकोच्या बहिणीचा फोन आला. तो ठेवून ते मला म्हणाले, "ती विचारत होती, उन्हाळ्यात कधी येतोस? आई तुझी खोली आवरायला घेतेय." आणि त्या दिवशी आम्ही काकांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

काकांनी तिकीट काढलं आहे. काका, जाऊन या. प्रकृतीला जपा, औषधं वेळेवर घ्या. त्या घरात आणि आमच्या घरांत तुमची वाट पाहणारी माणसं आहेत, आणि त्या सगळ्यांना तुम्ही अजून पुष्कळ वर्षं हवे आहात.