दक्षिणेचा रकाना

"इथं शून्य लिहा," पाटणकर सर म्हणाले.

आम्ही सिंगापूरमध्ये, बिशानच्या आमच्या ऑफिसात बसलो होतो. स्क्रीनवर त्यांचा आयकराचा फॉर्म उघडा होता आणि त्यांचं बोट व्यवसायाच्या उत्पन्नाच्या रकान्यावर होतं. शेजारी त्यांच्या पत्नी मेघनावहिनी बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून बँकेची स्टेटमेंट्स काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

मी ती चाळली. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे जमा झालेले. पाठवणारे निरनिराळे, पण महिना एकही सुटलेला नव्हता.

"सर, हे शून्य नाही," मी म्हणाले.

"ते उत्पन्न नाही, मॅडम. ती गुरुदक्षिणा आहे."

मी अकाउंटंट आहे. मिसेस लिम यांच्या छोट्या फर्ममध्ये काम करते. आमच्याकडे मोठ्या कंपन्या येत नाहीत. टॅक्सीवाले, ट्यूशन घेणारे, लग्नाचे फोटो काढणारे, घरी केक करून विकणारे, अशी एकट्याने काम करणारी माणसं येतात. त्यांच्यासाठी एप्रिल महिना कठीण असतो, कारण त्या महिन्याच्या मध्यापर्यंत फॉर्म भरावा लागतो.

सिंगापूर हे शहरही आहे आणि देशही. महापालिकेचा वेगळा, राज्याचा वेगळा, केंद्राचा वेगळा अशी करांची उतरंड इथं नाही. आपल्याकडे पगारातून व्यवसाय कर कापतात, तसंही काही नाही. आयकर एकच. नोकरदाराचा आकडा त्याची कंपनी परस्पर कळवते आणि तो फॉर्मवर आधीच भरून येतो. स्वतःचं काम करणाऱ्याचा आकडा मात्र कुणी कळवत नाही. तो त्यानेच सांगायचा. जे मिळालं त्यातून कामासाठीचा खर्च वजा करायचा आणि उरेल ते लिहायचं. कर कार्यालय पहिल्यांदा विश्वास ठेवतं. तपासायचं झालं तर नंतर तपासतं.

पाटणकर सर सॉफ्टवेअरवाले. पुण्याहून आले, पीआर झाले, म्हणजे इथं कायम राहण्याचा परवाना मिळाला. तीन वर्षांपूर्वी कंपनीने त्यांचा विभाग बंद केला. तोवर शनिवार-रविवारी ते पुंगोलच्या आपल्या फ्लॅटमध्ये मुलांना शास्त्रीय गाणं शिकवत. नोकरी गेल्यावर तेच रोजचं काम झालं. या तीन वर्षांत त्यांनी फॉर्म भरलाच नव्हता. कर कार्यालयाने मागितला नाही आणि आपल्याला उत्पन्न नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. बोलावणं आलं नाही तरी उत्पन्न असलेल्याने आपणहून कळवायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आता ते आले होते, कारण अडले होते. पीआर माणसाला देशाबाहेर जाऊन परत यायचं तर री-एंट्री परमिट लागतं. बाहेर असताना ते संपलं तर पीआरच धोक्यात येतं. सरांचं परमिट संपत आलं होतं. नव्या परमिटसाठी अर्ज केला, तर मागच्या वर्षांचे कराचे कागद मागितले गेले. वहिनी आणि कॉलेजात शिकणारी मुलगी शर्वरी यांची परमिटंही सरांच्याच अर्जाला जोडलेली होती.

आणि मिरजेला सरांचे गुरू अंथरुणाला खिळले होते. सर त्यांना बुवा म्हणत. सोळाव्या वर्षी सर त्यांच्या घरी शिकायला राहिले होते. बुवांनी आता अन्न कमी केलं होतं. सरांना लगेच निघायचं होतं. निघावं तर परतीचा भरवसा नाही, थांबावं तर बुवांचा भरवसा नाही.

"मग फॉर्म भरू या ना सर," मी म्हणाले. "मागच्या वर्षांचंही आपणहून सांगू. त्यांनी पकडण्याआधी आपण सांगितलं तर दंड फार हलका असतो."

"भरा. पण शून्य भरा. मी बुवांना शब्द दिलाय. विद्येला दर लावणार नाही म्हणून. आजवर एका पालकाला मी रक्कम सांगितलेली नाही. मनाला येईल ते द्या म्हणतो. देत नाहीत त्यांनाही शिकवतो. याला तुम्ही धंदा म्हणणार?"

मी उमरग्याजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. दहावीला गणिताच्या गुरुजींनी मला वर्षभर त्यांच्या ओसरीवर बसवून शिकवलं. वडिलांनी पैसे विचारले तेव्हा ते रागावले होते. आई दिवाळीला शेंगांची पिशवी पाठवायची, तीही गुरुजींच्या बायकोने अर्धी परत केलेली. ते गुरुजी नसते तर मी आज या खुर्चीवर नसते. त्यांना कुणी धंदेवाले म्हटलं असतं तर मला सहन झालं नसतं.

मी मिसेस लिम यांच्याकडे गेले. त्या साठीच्या आहेत, स्वतः हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांत, नूडल्स विकणाऱ्याची मुलगी. मी त्यांना गुरुदक्षिणा म्हणजे काय ते समजावलं. गुरुजींचंही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"युअर टीचर इज फ्री," त्या आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या. "धिस वन नॉट फ्री लाह. एव्हरी मंथ ऑल्सो कमिंग."

त्या पुढे म्हणाल्या की नाव कुठलंही ठेव, कायदा नाव बघत नाही. शिकवलं म्हणून मिळतं का, आणि नियमित मिळतं का, एवढंच बघतो. शून्य लिहिलेला फॉर्म आपल्या ऑफिसातून जाणार नाही. त्यांना पटव, नाहीतर काम सोड.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुंगोलला गेले. खर्चाचे कागद बघायचे होते. तंबोऱ्याच्या तारा, पेटीची दुरुस्ती, तबलजीला दिलेले पैसे, हे सगळं उत्पन्नातून वजा होतं आणि सरांनी त्यातलं काहीच वेगळं धरलं नव्हतं. त्यांच्या खोलीत तंबोरा होता, खाली चटई, भिंतीवर बुवांचा फोटो. फ्लॅटमध्ये शिकवणी घ्यायची तर इथल्या नियमाने एका वेळी तीनच विद्यार्थी बसवता येतात, म्हणून तिघी मुली बसल्या होत्या. सर त्यांच्याकडून यमन घोटून घेत होते. एका मुलीचा निषाद पुन्हा पुन्हा उतरत होता. सर न रागावता पुन्हा लावून दाखवत होते. माणूस शिकवण्यात बुडालेला असला की बघणाऱ्याला कळतं.

तास संपला. त्या मुलीची आई न्यायला आली. ती एका बँकेत मॅनेजर, मुंबईची. चपला घालता घालता तिने फोन दाखवला.

"सर, या महिन्याचे पाठवलेत हं. ग्रुपवर ठरलं, एप्रिलपासून थोडे वाढवायचे. सगळं महाग झालंय, तुम्ही तर कधी बोलणार नाही."

"कुठला ग्रुप?" सरांनी विचारलं.

ती थोडी गोंधळली. मग हसून म्हणाली, "पालकांचा. तुम्ही आकडा सांगत नाही ना, मग आम्हालाच कळेना किती द्यायचे. कुणी जास्त, कुणी कमी, बरं दिसत नाही. म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांनी मिळून एक ठरवला. नवीन कुणी आलं की आम्हीच सांगतो."

ती गेली. सर चटईवर बसून राहिले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"तुला माहीत होतं?" सरांनी त्यांना विचारलं.

"पैसे माझ्या फोनवर कळतात. सगळ्यांचे सारखे येतात, एवढं दिसत होतं." वहिनी म्हणाल्या. "घर चालत होतं. मी कशाला विचारू?"

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे दर होता. मी सोडून सगळ्यांना माहीत होता."

मला वाटलं, आता ते तयार होतील. झालं उलटंच. ते म्हणाले, शब्द मोडलाच आहे, तर निदान त्यावर सही तरी करणार नाही. परमिट राहू दे. मी मिरजेला जातो. बुवांच्या पायाशी बसतो. पुढचं पुढे.

"आणि आम्ही?" वहिनींनी विचारलं. "शर्वरीचं अजून एक वर्ष राहिलंय. तिला काय सांगू? बाबांना फॉर्म भरायची लाज वाटली?"

मी कागद आवरायला लागले. अशा वेळी अकाउंटंटने खोलीत असू नये. पण वहिनींनी मला बसा म्हटलं आणि मिरजेला फोन लावला. बुवांच्या मुलीने उचलला. वहिनींनी तिला थोडक्यात सांगितलं आणि फोन बुवांच्या कानाशी धरायला सांगितलं. स्पीकरवर आधी नुसता श्वास ऐकू येत होता.

"श्रीनिवास," आवाज आला. खोल गेलेला, पण स्पष्ट. "गणितात तू तेव्हाही ढ होतास."

"बुवा, मी दर..."

"ऐक. दर लावू नकोस म्हणालो ते कशाला? पैसे नाहीत म्हणून पोर दारातून परत जाऊ नये, एवढ्यासाठी. गेलं का कुणी परत?"

"नाही, बुवा."

"मग झालं. मिळालेलं लपव, असं मी कधी म्हणालो?" श्वास पुन्हा लांबला. "रेडिओवर गायलो की कर कापूनच चेक यायचा. त्याने माझा षड्ज हलला नाही. आता लिही आणि ये."

सर रडत होते. मी तंबोऱ्याच्या तारांच्या पावत्या बघत बसले. त्या मी आधीच दोनदा पाहिल्या होत्या.

फॉर्म दुसऱ्या दिवशी भरला. मागच्या वर्षांचं उत्पन्न आपणहून कळवणारं पत्र मी लिहिलं आणि मिसेस लिम यांनी दोनदा दुरुस्त केलं. त्यातलं कारणांचं सगळं पाल्हाळ त्यांनी काढून टाकलं. काय मिळालं, काय कळवायचं राहिलं, आता काय कळवतो आहोत, एवढंच ठेवलं. गुरुपौर्णिमेची पाकिटंही धरायला लावली. सरांनी त्यावर वाद घातला नाही. एकच विचारलं.

"ज्यांच्याकडून काहीच घेत नाही, त्या दोघांचं काय लिहायचं?"

"काहीच नाही सर. जे मिळालं नाही त्यावर कर नाही."

"म्हणजे तिथं शून्य."

"तिथं शून्य."

त्या दिवशी एवढ्यापुरतं त्यांना बरं वाटलं, असं मला दिसलं.

कर कार्यालयाचे कागद आले. खर्च आणि सवलती वजा जाता कर अगदीच किरकोळ निघाला. दंड त्याहून किरकोळ. मेडिसेव्हचा भरणा त्यापेक्षा जड होता. स्वतःचं काम करणाऱ्या नागरिकांना आणि पीआरना आजारपणासाठी स्वतःच्याच खात्यात ही सक्तीची बचत करावी लागते, आणि सरांची तीन वर्षांची राहिली होती. ते हप्त्यांनी भरायचं ठरलं. पण ते पैसे त्यांचेच, त्यांच्याच खात्यात जाणारे. ज्या शून्यासाठी एवढं झगडणं झालं, त्यात वाचण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

कराचे कागद परमिटच्या अर्जाला जोडले आणि वाट पाहणं सुरू झालं. सर रोज मला मेसेज करत. "काही कळलं का?" मला कळण्यासारखं काही नव्हतं. परमिटचं खातं वेगळं, तिथं आमचं काही चालत नाही. एका सकाळी त्यांचा मेसेज आला तो वेगळा होता. "बुवा गेले. पहाटे."

परमिट त्यानंतरच्या आठवड्यात मंजूर झालं. एकाच वर्षाचं दिलं होतं, पण तिघांनाही मिळालं. सर तेराव्याला पोचले.

परत आल्यावर ते ऑफिसात आले. मिरजेचे पेढे आणले होते. मिसेस लिम यांनी एक घेतला आणि त्यांना बसवून घेतलं. त्या सहसा क्लायंटच्या घरचं काही विचारत नाहीत. त्या दिवशी विचारलं. सर म्हणाले, बुवांच्या मुलीने त्यांना त्या खोलीत नेलं. फोन ठेवल्यावर बुवा तिला म्हणाले होते, श्रीनिवास येईल, त्याच्यासाठी तंबोरा लावून ठेव. तो लावलेला तसाच कोपऱ्यात होता. तारा उतरल्या होत्या. सरांनी त्या पुन्हा लावल्या आणि तेराव्याच्या दुपारी तिथेच बसून गायले.

"आय ॲम सॉरी," मिसेस लिम म्हणाल्या. मग, "नेक्स्ट इयर कम अर्ली, ओके?"

ते आले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच आले. पावत्या वर्षभराच्या, महिन्याप्रमाणे लावलेल्या. पालकांच्या ग्रुपवर आता त्यांनी स्वतःच लिहून टाकलं होतं की ठरलेली रक्कम ही आहे, आणि ज्यांना जमत नाही त्यांनी काही न सांगता नुसतं यावं. काही न देणारे विद्यार्थी दोनाचे चार झाले होते. परमिटही पुढे पूर्ण मुदतीचं मिळालं.

नव्या क्लायंटला मी आता पहिल्याच भेटीत सांगते. तुमच्याकडे जे येतं त्याला घरी काय म्हणायचं ते म्हणा. दक्षिणा म्हणा, मानधन म्हणा, आशीर्वाद म्हणा. रकाना एकच आहे, आणि तो वेळेवर भरायचा असतो. पाटणकर सरांना उशिराचा जो दंड कर कार्यालयाने लावला, तो मी स्वतः मोजला होता. तो नगण्य होता. दुसरा मिरजेला जो बसला, त्याची पावती मिळत नाही.